वहीतले सहा दिवस

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. समोरून उघडली की माझं बीपी दिसतं: तारीख, सकाळ, संध्याकाळ, वरचा आकडा, खालचा आकडा. उलटी करून मागून उघडली की लेकीचं वजन ग्रॅममध्ये आणि दूध मिलिलिटरमध्ये. मधली पानं कोरी आहेत. घरातल्या आवराआवरीत ती दोनदा रद्दीत जाता जाता वाचली आहे.

ही वही दुसऱ्या गरोदरपणाची. पहिल्या वेळी वही नव्हती, कारण काही लिहून ठेवायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. पंचविसाव्या आठवड्यात सकाळी उठले की चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला असायचा. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. दाखवायला गेले तर "या दिवसांत सूज येतेच, पाय उशीवर ठेवून झोपा" एवढंच उत्तर मिळालं. त्या भेटीत बीपी घेतलं नाही, लघवी तपासली नाही. पुढचे दोन दिवस डोकं ठणकत होतं, ते मी अपुऱ्या झोपेवर ढकललं. तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल जाणवेना. सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं. माझं बीपी त्या वेळी १८०/१२० होतं. मुलगा होता. ५९० ग्रॅम. नवऱ्याने त्याला ओंजळीत धरलं होतं आणि ओंजळ पुरत होती.

प्रीएक्लॅम्पशिया हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. जो आजार मला होऊन माझं मूल घेऊन गेला, त्याचं नावही मला सगळं संपल्यावर कळलं. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहायच्या आधीच आम्ही नव्या डॉक्टरांकडे गेलो. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला एकच विचारत होती: काय केलं होतंस? काही उचललंस का, कुठे पडलीस का, टेन्शन घेतलंस का? मीही मनात तेच शोधत होते. मॅडमनी माझी जुनी कागदपत्रं वाचली आणि मग एका कोऱ्या कागदावर चित्र काढलं. वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, रुजते तेव्हा ती गर्भाशयाच्या बारीक, वळणावळणाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करते. वाफ्याला पाणी जास्त लागणार म्हणून चिंचोळा पाट खणून मोठा करावा, तसं. काही जणींत हे रुंदीकरण अपुरं राहतं. मग बाळाला रक्त कमी पोचतं, आणि उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडू लागते की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृत दुखावतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आपल्याला हे विसाव्या आठवड्यानंतर कळतं, पण बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

"तुम्ही उचललेल्या कुठल्याही वजनाचा याच्याशी संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. मी तो कागद मागून घेतला. घरी आल्यावर तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि त्यानंतर मला कुणी काही विचारलं की उत्तर त्याच देऊ लागल्या.

एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि जितकं लवकर झालेलं असेल तितकी ती जास्त. मूत्रपिंडं, थायरॉइड, रक्त गोठण्याचे दोष, सगळं तपासून झालं. त्यात काही सापडलं नाही. दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू झालं, जोडीला कॅल्शियम. अ‍ॅस्पिरिनने धोका कमी होतो, जात नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.

आमच्या फाइलवर लाल पट्टी होती. जोखमीच्या गरोदरपणाची ओपीडी वेगळ्या दिवशी असायची आणि बाहेरच्या बाकावर सगळ्या लाल पट्टीवाल्याच. त्या बाकावर मी जितकं शिकले तितकं कुठे शिकले नसेन. माझ्या एका बाजूला बसणारीला मधुमेह होता. तिला वाटायचं, साखर जास्त म्हणजे बाळाला जास्त शक्ती. तसं नसतं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड त्या हिशेबाने इन्सुलिन बनवत राहतं आणि बाळ अंगाने वाढतं. नाळ कापली की साखर एकदम बंद होते, पण इन्सुलिन मात्र तेवढंच असतं. म्हणून चांगल्या चार किलोच्या गुटगुटीत बाळाचीही जन्मानंतर तासातासाने टाच टोचून साखर बघावी लागते. दुसरीच्या पोटात जुळी होती आणि दोघांत वार एकच, त्यामुळे एकाच्या वाट्याचं रक्त दुसऱ्याकडे वळतंय का ते बघायला तिला दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. आणखी एकीची वार गर्भाशयाच्या तोंडावर पसरलेली होती. रक्ताचा एक थेंब दिसला तरी तडक निघायचं, अशी तिला ताकीद होती आणि तिची बॅग कायम भरलेली असायची. जोखीम हा एकच शब्द, पण प्रत्येकीचा मार्ग वेगळा आणि बाळावर होणारा परिणामही वेगळा.

वही तिथेच सुरू झाली. बीपीचं मशीन घरी आणलं आणि सिस्टरनी मला ते शिकवलं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड छातीच्या पातळीवर आणि पट्टा कपड्यावरून नाही. मधे बोलायचं नाही. १४० किंवा ९० यातला एकही आकडा गाठला तर फोन करायचा. १६० किंवा ११० झालं तर फोन न करता निघायचं. डोकं दुखणं, अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर आकडा चांगला असला तरी यायचं.

सव्वीस आठवड्यांपर्यंत वहीत ११०, ११४, ११८ असे आकडे आहेत. पंचविसावा आठवडा आला त्या रात्री मी झोपले नाही. नवराही झोपला नव्हता, पण दोघं एकमेकांना झोपलोय असं दाखवत होतो.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ वाढीत मागे पडलेलं दिसलं. पोटाचा घेर कमी, डोकं मात्र जवळपास जिथल्या तिथे. रक्त कमी पडलं की बाळ ते आधी मेंदूकडे वळवतं, त्यामुळे पोट आणि हातपाय बारीक राहतात. मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली. नाळेतल्या प्रवाहाचा आलेख पडद्यावर डोंगरासारखा दिसतो. एरवी दोन डोंगरांमध्ये दरी असते, पण दरीतही प्रवाह चालू असतो. माझ्या बाळाच्या आलेखात ती दरी जमिनीला टेकायला आली होती. आठवड्यातून दोनदा डॉपलर सुरू झालं.

एकोणतीस आठवडे आणि पाच दिवस झाले तेव्हा सकाळी १३८/८८, संध्याकाळी १५२/९८. थोडं डोकं दुखत होतं. पुन्हा घेतलं, १५४/९८. फोन केला, बॅग उचलली.

इथून पुढचे सहा दिवस.

भरती झाल्यावर तासाभरात बीटामेथासोनचं १२ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, चोवीस तासांनी दुसरं. बाळाच्या फुप्फुसांसाठी. त्या रात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने मला या औषधाची गोष्ट सांगितली. कदाचित मी घाबरलेली दिसत असेन म्हणून. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात ते शोधत होते. स्टेरॉइड दिल्यावर कोकरू फार लवकर जन्मलं. ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. मग रॉस हाउई यांच्याबरोबर त्यांनी हेच उपचार मुदतीआधी प्रसूत होऊ घातलेल्या बायकांवर करून पाहिले आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या इंजेक्शनला एक दिवस उलटला की त्याचा खरा फायदा सुरू होतो आणि साधारण आठवडाभर तो सगळ्यात जास्त असतो. "म्हणजे आता आपल्याला आधी चोवीस तास हवेत," तो म्हणाला. "मग जितके मिळतील तितके दिवस."

मी वहीत रकाने वाढवले. बीपीच्या शेजारी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी. पहिल्या दिवशी १,८६,०००. तिसऱ्या दिवशी १,६१,०००. पाचव्या दिवशी १,२८,०००. दुसरीकडे बाळाच्या हृदयाचे ठोके, दिवसातून दोनदा मशीनच्या कागदी पट्टीवर. बाळ पोटात एक दिवस राहिलं की त्याचं भलं होत होतं आणि माझं रक्त त्याच दिवसाची किंमत मोजत होतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेजारी शेजारी लिहिलं की दिसतंच.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी आईला कानात सांगितलं, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. व्हायचं तर आताच होऊ दे." आई तेव्हापासून अस्वस्थ होती. नवजात विभागाचे सर त्या दिवशी आमच्याशी बोलायला आले होते, तिने त्यांनाच विचारलं. त्यांनी तिची समजूत हसण्यावारी नेली नाही, खुर्ची ओढून बसले. "आजी, बत्तीस आठवड्यांचं बाळ तीसच्या बाळापेक्षा बरं असतं आणि चौतीसचं बत्तीसपेक्षा. उलट कधीच होत नाही. फक्त पोट बाळाला पोसत असलं पाहिजे." आणि मग मला म्हणाले, "ज्या दिवशी पोटापेक्षा आमची काचपेटी बरी, त्या दिवशी बाहेर काढू." त्यांनी खोटा धीर दिला नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आतड्यांना इजा होऊ शकते, डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे सगळं नावानिशी सांगितलं आणि कशावर केव्हा लक्ष ठेवणार तेही. मला त्या बोलण्याने झोप लागली. पहिल्या वेळी मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी पहाटे छातीच्या खड्ड्यात दुखू लागलं. जेवण पचलं नसावं असं वाटत होतं, उलटीसारखं होत होतं. आम्लपित्त म्हणून गोळी मागावी असं मनात आलं, पण बाकावर पाठ केलेली यादी आठवली आणि मी बेल दाबली. बीपी १६८/११२. रक्ताचा अहवाल आला: प्लेटलेट ९२,०००, यकृताची एन्झाइम्स चौपट, तांबड्या पेशी फुटू लागलेल्या. याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. डॉपलरमधली दरी आता पूर्ण जमिनीला टेकली होती, दोन डोंगरांमध्ये प्रवाहच उरला नव्हता. मॅडम माझ्या पलंगाजवळ आल्या. मी विचारलं, अजून एक दिवस? त्यांनी मान हलवली. "आता थांबले तर मी दोघांनाही गमावीन."

आधी मॅग्नेशियम सल्फेट. ते शिरेतून जातं तेव्हा मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत आग पसरल्यासारखं वाटतं. आकडीचे झटके येऊ नयेत म्हणून ते देतात. २००२ मध्ये तेहतीस देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. इतक्या लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही त्याने संरक्षण मिळतं. पण जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून सिस्टर दर तासाला रबरी हातोडीने माझा गुडघा ठोकायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. गुडघा उडाला की त्या "छान" म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी तासभर वाट बघायचे.

सिझर झालं. तीस आठवडे चार दिवस. ११२० ग्रॅम. नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले, कारण तेवढ्यात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं. रडणं ऐकू आलं. मांजराच्या पिलाचा असतो तसा आवाज. मग तिला न पुसता तशीच मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. ते बघून मी घाबरले. अंगात चरबी नसलेलं ओलं बाळ काही मिनिटांत गार पडतं आणि गार पडणं अशा बाळाला श्वासाइतकंच घातक असतं, हे नंतर कळलं. पहिल्या मिनिटाला अपगार, म्हणजे जन्मताच बाळाच्या तब्येतीला देतात ते दहापैकी गुण, सहा, पाचव्याला आठ. कुणीतरी ते मोठ्याने म्हणालं आणि मला फक्त मुलगी आहे एवढं कळलं.

वार निघाली की आजार संपला, असं सगळे समजतात. मीही समजत होते. मॅग्नेशियम पुढे चोवीस तास चालू होतं आणि या वेळचं माझं सगळ्यात जास्त बीपी प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी नोंदलेलं आहे, १७२/१०८. झटका प्रसूतीनंतरही येऊ शकतो. बाळ बाहेर आल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवसांत आईला डोकेदुखी झाली तर ती जागरणाची समजू नका.

दीड दिवसाने मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं. नाकात सीपॅपच्या, म्हणजे हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या नळ्या, डोक्यावर टोपी, तळपायाला चिकटवलेला लाल दिवा. तळपाय माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा मोजता याव्यात. सर म्हणाले, हात लावा, पण चोळू नका, नुसता ठेवा. मी एक हात डोक्यावर आणि एक पायांपाशी ठेवला. तिने पाय ताणून माझ्या तळव्याला टेकवले. पोटात ती उजवीकडे असंच करायची.

जन्मल्यावर चार तासांनी तिला श्वासाला जड जाऊ लागलं तेव्हा बारीक नळीतून सर्फॅक्टंट दिलेलं होतं. फुप्फुसातले फुगे श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा पातळ थर असतो, तो तिच्यात पुरेसा तयार झालेला नव्हता. सरांनी सांगितलं, १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचं वजन माझ्या मुलीच्या जवळजवळ दुप्पट होतं. तो याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला, कारण तेव्हा हे औषध नव्हतं. १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांना दिल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून चित्र पालटलं. मी त्या रात्री त्या दहा आयांचा विचार करत होते, ज्यांनी हो म्हटलं.

वही मी उलटी केली ती तिथे. पहिली नोंद: दूध १ मिलि, दर दोन तासांनी, तोंडातून पोटात गेलेल्या नळीने. ते एक मिलि काढायला मला वीस मिनिटं लागली होती. घट्ट, पिवळं, सिरिंजच्या टोकाशी साचलेलं. सिस्टरनी तो थेंबही वाया जाऊ दिला नाही. आईच्या दुधाने आतडी सडण्याचा धोका कमी होतो, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, बहुतेक मी दमलेली दिसायचे तेव्हा. दिवसातून आठ वेळा दूध काढायचं, रात्रीही. बीपीच्या गोळ्या दूध पाजताना चालतील अशाच दिल्या होत्या.

वजन आधी उतरतं. पाचव्या दिवशी १०१० ग्रॅम. जन्माच्या वजनावर परत यायला चौदा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी टाळूतून मेंदूची सोनोग्राफी केली, कारण रक्तस्राव व्हायचा तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो. एक बारीकसा, पहिल्या श्रेणीचा दिसला. तो पुढे विरून गेला. मधेच श्वास घ्यायला विसरायची, मॉनिटर किंचाळायचा, सिस्टर येऊन तळपायावर टिचकी मारायच्या आणि आकडे पुन्हा वर चढायचे. त्यासाठी कॅफिन चालू होतं. सुरुवातीला मी मॉनिटरकडेच बघत बसायचे. एकदा एका सिस्टरनी माझी खुर्चीच फिरवली आणि म्हणाल्या, "ताई, यंत्राकडे आम्ही बघतो. तुम्ही तिच्याकडे बघा."

बारावा दिवस. सकाळी वहीत लिहिलंय: पोट फुगलेलं, दूध बंद. नळीतून हिरवट पाणी परत आलं होतं. एक्स-रे, अँटिबायोटिक, रक्ताची कल्चर तपासणी. माझं काढलेलं दूध तिला द्यायचं नव्हतं, तरी काढत राहायचं होतं. त्याच दिवशी पलीकडच्या काचपेटीतलं बाळ गेलं. सव्वीस आठवड्यांचं होतं, वीस दिवस झुंजलं. त्याची आई आणि मी रोज एकाच बाकावर बसून दूध काढायचो. तिने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीच बोलली नाही. मला माझ्या मुलाची ओंजळ आठवली. त्या बाळासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरी गेलं. माझ्या मुलासाठी काहीच झालं नव्हतं. ही दोन दुःखं एक नाहीत.

तीन दिवसांनी पोट मऊ झालं. दूध पुन्हा एक मिलिपासून सुरू.

त्याच आठवड्यात कांगारू पद्धत सुरू झाली, आधी एक तास, मग दिवसातले आठ-दहा तास. नुसत्या लंगोटीवर, छातीशी उभी, मान एका कडेला. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास एडगर रे सानाब्रिया यांनी हे सुरू केलं ते काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं की १ किलो ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिरावायची वाट न बघता, असं छातीशी ठेवलं तर मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात. मी ते आकड्यांशिवायही मानलं असतं. छातीवर असताना तिचे विसरलेले श्वास कमी व्हायचे. वहीत टिचक्यांची संख्या लिहिलेली आहे. नवरा संध्याकाळी यायचा तेव्हा तो घ्यायचा. पहिल्या दिवशी तो तासभर हललाही नाही. नंतर त्याला पाय झिणझिणल्यामुळे उठता येईना.

चौथ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी झाली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात आणि पापण्या उघड्या ठेवायला छोटा चाप लावतात. ते बघवत नाही, पण चुकवू नका. प्राणवायू कमी पडून चालत नाही आणि जास्तही चालत नाही, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. वेळेवर दिसलं तर उपचार होतात, उशीर झाला तर नजर जाते. तिच्यात पहिल्या टप्प्याचा बदल होता. दर दोन आठवड्यांनी तपासत राहिलो आणि तो आपोआप मावळला.

चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसू लागला. आधी दोन घोट आणि झोप. मग चार. त्रेचाळिसाव्या दिवशी, १८२० ग्रॅम असताना, आम्ही तिला घरी आणलं. कानांची तपासणी जायच्या आधीच केली.

तिचं वय आम्ही दोन प्रकारे सांगतो. जन्मापासूनचं आणि मुदतीच्या तारखेपासूनचं. मान, बसणं, रांगणं हे सगळं दुसऱ्या वयाने मोजायचं, निदान दोन वर्षांपर्यंत. लोक विचारतात, एवढी मोठी झाली तरी बसत नाही? मी आधी समजावत बसायचे, आता मुदतीच्या तारखेवरून मोजून तेवढंच सांगते. वर्षाच्या तपासणीत डाव्या पायात थोडा ताठरपणा आढळला, व्यायाम चालू आहेत. ती टेबलाला धरून चालते. माझं बीपी तीन महिन्यांनी उतरलं, पण ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि कायमच्या रक्तदाबाचा धोका जास्त असतो, म्हणून वहीच्या पुढच्या बाजूला अजूनही अधूनमधून नोंद होते.

मागच्या महिन्यात रात्री नऊला धाकट्या नणंदेचा फोन आला. तेहतिसावा आठवडा. "वहिनी, सहजच केला. हात सुजलेत, बांगड्या निघत नाहीत. सगळे म्हणतात होतं असं."

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं. कालपासून."

मी दिलेलं मशीन तिच्या घरी होतं. म्हटलं, फोन ठेवू नकोस. पाठ टेकून बस, पाय खाली सोड. पाच मिनिटं काही बोलू नकोस. मीही बोलत नाही. फोनमधून तिच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग पट्टा फुगल्याचा आवाज.

"१४८, ९६."

"थांब. पुन्हा घे."

"१५०, ९६. वहिनी, सकाळी गेले तर चालेल ना?"

"नाही. आता निघा. फाइल घे."

ती गाडीत बसेपर्यंत मी लाइनवर होते. मग वही मधून उघडली आणि कोऱ्या पानावर तिचं नाव, तारीख आणि ते दोन्ही आकडे लिहिले.